जाळीचा पाट

मुलीला लग्नात बसायला पाट मी स्वतः करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर घेतलं. मुलगी फोनवर बोलत होती, तिने नुसती मान डोलावली. मला त्याचाच जास्त राग आला. निदान वेड्यात तरी काढायचं.

आमची कोलकात्याला बदली झाली तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. यांची नोकरी कस्टम्सची, खिदिरपूरच्या गोदीत. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता मुलीचं सगळं शिक्षण इथेच झालं, मला एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही दोघंही इथूनच निवृत्त झालो. मुलगी आता सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये काम करते. तिथेच तिला तिचा बंगाली नवरा भेटला. मुलगा चांगला आहे. मला ‘काकीमा’ म्हणतो, माझ्या हातचं पिठलं मागून खातो. माझी तक्रार त्याच्याबद्दल नव्हतीच.

तक्रार होती ती ‘चालेल’ या शब्दाबद्दल. लग्न ठरलं आणि एकेक गोष्ट ठरत गेली. पुरोहित त्यांचे, विधी त्यांचे, जेवण त्यांच्या पद्धतीचं, मुलीची लाल बनारसी त्यांच्या रिवाजाची, डोक्यावरचा पांढरा मुकुटही त्यांचा. दर वेळी मला अगदी आदराने विचारलं जायचं आणि दर वेळी मी ‘चालेल’ म्हणायचे. मंगलाष्टकांचा विषय मी काढून पाहिला, तर मुलगीच म्हणाली, “आई, ते खूप लांब असतं ना? इथे कोणाला कळणार पण नाही.” खरं होतं ते. आमच्याकडून येऊन येऊन किती माणसं येणार होती! मग एक दिवस कणीक मळता मळता माझ्या डोक्यात आलं की या लग्नात आमचं म्हणून मुलीशिवाय काहीच नाही. 

अशात नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंचा फोन आला. त्यांच्या घरात विधींच्या बाबतीत या बाईंचा शब्द शेवटचा. त्या सहज म्हणाल्या की नवरीची पीढी मुलीच्या माहेरून येते, तेवढी तुम्ही बघा. पीढी म्हणजे पाट, हे मला माहीत होतं. मी फोन ठेवला आणि ठरवलं की तो पाट आमचा असेल. सागवानी, घडीव, चारही कडांना जाळीची नक्षी असलेला. कोपऱ्यांत ज्ञानकमळ आणि मधून कुयऱ्यांची रांग. तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे की मुलगी कोणाची आहे.

“एस्प्लनेडला तयार मिळतील की,” हे म्हणाले. “रंगवलेल्यासुद्धा.”

“मिळतील. म्हणूनच नको.”

“मग सुताराला सांगू.”

“अहो, ते यंत्र कशाला आणलंय मग तुम्ही?”

निवृत्तीच्या तोंडावर यांनी उत्साहाने एक लाकूड कापायचं यंत्र मागवलं होतं, खेळणी करणार म्हणून. ते खोक्यातून बाहेरही न पडता बाल्कनीत छत्र्या वाळवायच्या कामी येत होतं. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. दिसायला थेट शिवणयंत्रासारखं. एक छोटं लोखंडी टेबल, त्यातून वर आलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं, आणि ते पातं वरून धरणारा, मागून पुढे आलेला दांडा. बटण दाबलं की पातं खालीवर धडधडतं. पातं जागचं हलत नाही, लाकूड आपण फिरवायचं आणि हवी तशी नक्षी काढायची. मी जन्मभर मुलीचे फ्रॉक शिवले होते, भूमिती शिकवली होती. मला वाटलं, आठवड्याभरात हात बसेल.

पहिल्या दिवशी मी प्लायवूडचा एक तुकडा घेतला, त्यावर पेन्सिलने सरळ रेघ मारली आणि बटण दाबलं. तुकडा माझ्या हातात उड्या मारायला लागला. वर उचलायचा, टेबलावर आपटायचा, पुन्हा उचलायचा. दातांची कवळी निघून पडेल असा तो आवाज. मी घट्ट दाबून धरलं तर पातं टण्ण करून तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. फोनवर मी एका हिंदी बोलणाऱ्या इसमाचा व्हिडिओ लावून ठेवला होता. तो दर वाक्याला ‘देखिए, कितना आसान है’ म्हणत होता आणि त्याच्या हाताखाली लाकूड लोण्यासारखं वळत होतं. त्याच्या सदऱ्यावर भुशाचा कण नव्हता. मी फोन पालथा घातला.

“पातं उलटं तर नाही ना लावलंस?” आतून यांचा आवाज आला.

उलटंच होतं. दाते खाली तोंड करून हवेत, म्हणजे ते लाकडाला टेबलावर ओढून धरतात. माझे वर तोंड करून होते, म्हणून ते लाकूड दर वेळी वर भिरकावत होते. यांना हे कसं कळलं, तर खोक्यातलं माहितीपत्रक वाचून. आरामखुर्चीत बसून, चहा पिता पिता. मी त्यांच्या हातून ते पत्रक घेतलं आणि त्यांना बाजारात पिटाळलं.

पातं सुलट झालं तरी रेघेवरून ते काही जाईना. मी लाकूड नाकासमोर सरकवायचे आणि पातं हट्टाने उजवीकडे भरकटायचं. मला वाटलं, माझा हात थरथरतो. मग वाटलं, टेबल वाकडं आहे. मी गुण्या लावून टेबल तपासलं, ते बरोबर काटकोनात होतं. शेवटी कळलं की ही पाती बनवतानाच एका बाजूला थोडी जास्त धारदार राहतात, त्यामुळे सरळ कापायचं असेल तर लाकूड थोडं तिरकं ढकलावं लागतं. ज्या बाईने सगळी हयात पोरींना ‘रेघ म्हणजे रेघ’ असं ओरडण्यात घालवली, तिला सरळ जाण्यासाठी तिरकं ढकला म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा होता. पण करते काय! ढकललं तिरकं.

त्यातून जाळी म्हणजे सगळा आतला कारभार. कडेने आत शिरायची सोय नाही. प्रत्येक भोकासाठी आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचं, मग पातं वरून सोडवायचं, ते त्या छिद्रातून ओवायचं, पुन्हा वर अडकवायचं, ताण द्यायचा, कापायचं, पुन्हा सोडवायचं. चष्मा लावून सुईत दोरा ओवताना मला धाप लागते, इथे तर दाते असलेली सुई. एका कुयरीला अख्खी दुपार जायची. ताण कमी पडला तर पातं वळणावर पोट काढायचं आणि कुयरीचा वांग्यासारखा आकार व्हायचा. ताण जास्त झाला की टण्ण. त्या आवाजाचा मी इतका धसका घेतला होता की स्वयंपाकघरात चमचा पडला तरी मी शिवी हासडायचे. भुसा रेघेवर बसून रेघ दिसेनाशी व्हायची, म्हणून मी फुंकायचे, आणि तो भुसा माझ्याच डोळ्यांत जायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर आल्या आणि अत्यंत गोड आवाजात विचारून गेल्या की आमच्याकडे काही दुरुस्ती चालू आहे का, आणि ती साधारण कधी संपेल. मी त्यांना सांगितलं की मुलीचं लग्न आहे. त्यांना दोन्हींचा संबंध लागला नाही.

एका संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली तेव्हा मी बाल्कनीत जमिनीवर बसले होते. आजूबाजूला वांग्यांच्या आकाराच्या कुयऱ्या पडलेल्या. तिने पर्स ठेवली, माझ्या केसांतला भुसा झटकला आणि म्हणाली, “आई, तू इतका त्रास का घेते? मला कशावर पण बसायला चालेल.”

पुन्हा चालेल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. “तुला चालेल गं! तुला सगळंच चालतं. मला नाही चालत!” असं मी ओरडले, इतक्या मोठ्याने की यांनी आतला टीव्ही बंद केला. मुलीने पडलेल्या कुयऱ्या एकेक करून उचलल्या, ओट्यावर रांगेत लावल्या आणि कपडे बदलायला निघून गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. मला फक्त वाटलं की माझ्या पोरीला यातलं काहीच नको आहे, आणि ते मी तिच्यावर लादते आहे. दुसऱ्या दिवशी मी यंत्राजवळ फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले, कारण न बसता जास्त चिडचिड होत होती.

हळूहळू कुयऱ्या कुयऱ्यांसारख्या व्हायला लागल्या. मग मी खरी फळी घेतली. चांगली रुंद, चारचौघांनी हेवा करावा अशी सागवानी फळी. तिच्यावर ज्ञानकमळं कंपासने आखली. आणि यंत्राने शेवटचा सूड उगवला. फळी एवढी मोठी होती की वळवताना तिचं मागचं टोक त्या दांड्याच्या बुडाला जाऊन अडायचं. अर्धी पाकळी कापून झाली की पुढे जाता येईना, मागे येता येईना. यंत्र बंद करा, पातं सोडवा, फळी उलट्या बाजूने घाला, पुन्हा ओवा. माझे खांदे भरून आले होते, बोटांना कात्रे पडले होते, पण तीन कोपरे झाले. झाले म्हणजे खरंच चांगले झाले. मी हात लावून पाहायचे आणि मला माझंच नवल वाटायचं.

चौथ्या कोपऱ्याची शेवटची पाकळी राहिली होती. फळी पुन्हा दांड्याला अडली. त्या दिवशी उकाडा असा की चष्मा नाकावरून घसरत होता. मी यंत्र बंद करून फळी सोडवायला हवी होती. मी ती हिसडली. दोन भोकांच्या मधे जी लाकडाची बोटभर वाट उरली होती, तिथून कोपरा करकरला आणि कडेपर्यंत चीर गेली.

मी रडले. हे बाहेर आले, चीर पाहिली आणि प्रथमच काहीही न सुचवता आत जाऊन गोंदाची बाटली घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून चिरेत गोंद भरला, क्लॅम्प आवळले आणि ओल्या फडक्याने बाहेर आलेला गोंद पुसला. सुकल्यावर घासून पॉलिश केलं तेव्हा चीर दिसेनाशी झाली. मला मात्र ती दिसायची. बोट फिरवलं की नेमकी तिथे थांबायचं. पण पाट तर जमिनीवर असतो. जमिनीवरच्या पाटाला काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि निश्चिंत झाले.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना आत्याबाई घरी आल्या. संदेशाचा डबा, मोठं कुंकू, कडक इस्त्रीची सुती साडी. मी पाट जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता तो त्यांच्यासमोर उलगडला. “ओमा!” म्हणून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. किती सुंदर, कोणी केलं, तुम्ही स्वतः, असं बराच वेळ चाललं. मी पुरीसारखी फुगले. मग त्यांनी त्या पाटावर बोट फिरवत हिंदीत विचारलं, “दीदी, यात सगळी भोकंच आहेत. मी आल्पना कुठे काढू?” त्यांच्याकडे पीढीवर तांदळाच्या पिठाची पांढरी नक्षी काढतात. मी म्हटलं, मधे काढा, मधे जागा आहे. त्यांनी मान हलवली. आणि पाट दोन्ही हातांनी उचलून, वजन बघितल्यासारखा खालीवर करत त्या म्हणाल्या, “पण मुलीला घेऊन हा उचलणार कसा? मोडेल ना.”

“उचलायचा कशाला?” मी विचारलं.

आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. नवरीला या पीढीवरच बसवतात. ती विड्याच्या पानांनी चेहरा झाकून घेते, आणि तिचे भाऊ पीढीसकट तिला उचलून नवऱ्याभोवती सात फेरे मारतात. शेवटी तशीच अधांतरी धरून ठेवतात, ती पानं बाजूला करते आणि दोघं एकमेकांना बघतात.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. या शहरात आम्ही किती लग्नांना गेलो असू. पण इथे मुहूर्त बहुधा उशिराचे. आम्ही जायचो, स्टेजवर बसलेल्या नवरीच्या हातात आहेर द्यायचो, मासा चांगला झालाय म्हणायचो आणि शेवटची मेट्रो चुकेल म्हणून यांच्या घाईने निघायचो. फोटोंत मी पाहिली होती उचललेली नवरी. पण खाली काय आहे ते कोण बघतं? मला वाटायचं, ते मांडववाल्याचं काहीतरी भक्कम सामान असणार. पाट उचलतात हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पाटावर माणूस बसलं की पाट जमिनीवर राहतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं आणि त्याबद्दल कधी शंकाही आली नव्हती. मी मुलीला हवेत उचलायच्या वस्तूला चारही बाजूंनी भोकं पाडली होती. नेमकी तिथे, जिथे माणसं धरणार.

“आणि भाऊ तर नाहीये तिला,” मी कसंबसं म्हटलं.

“त्यात काय, मित्र उचलतील.” जाताना दारात चपला घालता घालता त्या आणखी एक सांगून गेल्या. “तुम्हाला ठाऊकच असेल दीदी, आई लग्न बघत नाही. मुलीचं अमंगल होतं म्हणतात. आमच्या वहिनी, नवऱ्या मुलाची आई, त्यासुद्धा त्या दिवशी घरीच थांबणार.”

मी म्हटलं, “चालेल.”

लिफ्टचं दार बंद झालं आणि मग मला जो राग आला तो कोणावर काढावा हेच कळेना. मी पाट केला. त्यावर मुलगी बसणार. आणि मी ते बघायचं नाही. बरं, बघायचं तरी काय, तर तो मोडताना! मुलगी म्हणाली, “आई, आपण दुसरी पीढी आणू, ही घरी ठेवू, शोभेला.” हे म्हणाले, एस्प्लनेडला जाऊन येतो. मी दोघांनाही बजावलं की दुसरी पीढी या घरात आली तर मी लग्नाच्या दिवशी बहिणीकडे सोलापूरला निघून जाईन. मग लाकडाच्या दुकानातून दोन जाड पट्ट्या आणल्या, पाटाच्या खाली लांबीच्या बाजूने स्क्रूंनी पक्क्या बसवल्या आणि दोन्हीकडे मुठीएवढ्या बाहेर काढल्या, धरायला. त्या सरळ कापायला स्क्रोल सॉ लागलाच नाही. साध्या करवतीने काम झालं. पाट आता पालखीसारखा दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता. आम्ही घरातच चाचणी घेतली. यांना पाटावर बसवलं आणि मी आणि मुलीने एक बाजू जेमतेम उचलली. पट्टीला धरलं की काही होत नव्हतं. चुकून जाळीला धरलं की चिकटवलेला कोपरा बारीक आवाज करायचा.

लग्न गोधूलीच्या मुहूर्तावर होतं, भाड्याच्या लग्नघरात. माझ्या बहिणीचे दोन मुलगे सोलापूरहून आले होते आणि दोघं मुलीच्या ऑफिसातले मित्र, असे चौघं उचलणार होते. मी दुपारीच चौघांना उभं करून शिकवलं. पट्टीला धरायचं, जाळीला नाही. चिकटवलेला कोपरा मी धाकट्या भाच्याला दिला, कारण तो घाबरट आहे आणि घाबरट माणसं सांगितलेलं ऐकतात. मग आत्याबाईंनी मला प्रेमाने हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथे त्यांच्याकडच्या एक म्हाताऱ्या मावशी माझ्या सोबतीला होत्या. दार लोटलं. बाहेर शंख वाजले, बायकांनी जिभा हलवून तो उलूचा आवाज काढला. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले. इतकी वर्षं लोकांच्या मुलींना शाळेत वाढवलं आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी पंखा बघते आहे, असं मनात येत होतं.

एवढ्यात दार किलकिलं झालं आणि धाकटा भाचा आत डोकावला.

“तू इथे काय करतोयस?”

“मावशी, मला काढलं. उंची कमी पडते म्हणाले, पाट कलतो. माझ्या जागी त्यांचा एक जिमवाला मित्र आहे.”

“त्याला सांगितलंस, पट्टीला धर म्हणून?”

“सांगितलं गं. तो म्हणाला, ग्रिप भोकांतच चांगली बसते.”

मी उठले. म्हाताऱ्या मावशी काहीतरी ‘मा के देखते नेइ’ असं म्हणाल्या, म्हणजे आईने बघायचं नसतं. मी त्यांना मान डोलावली आणि दार उघडून बाहेर गेले.

मुलगी पाटावर बसलेली होती. लाल साडी, डोक्यावर मुकुट, दोन्ही हातांनी धरलेली विड्याची पानं चेहऱ्यावर. चौघं वाकलेले. जिमवाल्याने आपली जाडजूड बोटं माझ्या ज्ञानकमळाच्या पाकळ्यांत छान घट्ट रोवली होती. कोणीतरी ‘एक, दोन’ म्हणत होतं.

“सरक,” मी मराठीत म्हटलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण तो सरकला.

मी पट्टी धरली आणि त्याच दमात ‘तीन’ झालं. पाट वर गेला आणि सगळा माझ्याकडे कलला, कारण त्या तिघांपुढे मी कुठेच पुरत नव्हते. मग मी सरळ खाली वाकून कोपऱ्याखाली खांदा घातला आणि उभी राहिले. वर पानं थरथरली असणार. मुलीने तोल सावरायला एक हात खाली टाकला, तो माझ्या डोक्यावर पडला. तो केसांवर चाचपडला, अंबाड्याशी आला आणि थांबला.

“आई?” वरून आवाज आला. मग हळूच, “आई, तू बघायचं नसतं ना?”

“मी कुठे बघतेय? मी उचलतेय.”

बाजूला आत्याबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. पुरोहितांनी मंत्र थांबवला नाही. त्यांचे मी आजही उपकार मानते. आम्ही फिरायला लागलो. मला जमीन दिसत होती, फुलांच्या पाकळ्या, पुढच्या भाच्याच्या टाचा, आणि दर फेऱ्याला एकदा जावयाचे पाय. चिकटवलेला कोपरा माझ्या कानाला लागून होता आणि पावलागणिक करकरत होता. माझा खांदा जळत होता. किती फेरे झाले ते मी मोजत होते आणि चुकत होते. मला भीती वाटत होती, आणि आनंद इतका होत होता की त्या भीतीचाही राग येत होता. मी मनात त्या लाकडाला म्हणत होते, आता नको, आता अजिबात नको, नंतर काय वाटेल ते कर.

सातवा फेरा झाला आणि सगळे थांबले. आता ती पानं बाजूला करणार होती. माणसं ओरडत होती, फोटोवाला ‘आर एकटू, आर एकटू’ म्हणजे आणखी थोडं, आणखी थोडं म्हणत होता आणि आम्ही चौघं तिला तशीच धरून उभे होतो. किती वेळ लावतात मेले, असं मी खरोखर मोठ्याने म्हणाले. पानं कधी बाजूला झाली, दोघांनी एकमेकांकडे कसं बघितलं, हे मी पाहिलं नाही. नंतर फोटोत दिसलं की ती दोन्ही पानं तिने एकाच हाताने बाजूला केली. दुसरा हात माझ्या डोक्यावर होता. तोल केव्हाच सावरला होता, तरी तो तिने काढला नव्हता.